गाड्यांआधीचा रविवार

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईत चेरीच्या पाकळ्या गटारांच्या जाळ्यांना चिकटून बसतात, शाळांचं नवं वर्ष सुरू होतं, आणि सकाळच्या बातम्यांत एक छोटीशी चित्रफीत हमखास दाखवतात. गुन्मा प्रांतातल्या एका ज्वालामुखीच्या अंगावरून जाणारा रस्ता. हिवाळाभर बर्फाखाली गाडलेला. मोठाली यंत्रं बर्फ कापत कापत वर जातात आणि त्यांच्या मागे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती उभ्या राहतात. यंदा भिंती किती उंच, रस्ता गाड्यांसाठी कधी उघडणार, एवढं निवेदिका सांगते. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा मामला. मग हवामान.

परवा ती बातमी लागली तेव्हा मी डबे भरत होते. सुहास, माझा नवरा, टेबलाशी चहा पीत बसला होता. त्याला टीव्हीचा पडदा दिसत नाही. खिडकी कुठे आहे आणि दिवा लागलाय का, एवढंच त्याच्या डोळ्यांना आता कळतं. पण निवेदिकेने त्या डोंगराचं नाव घेतलं आणि त्याने कप खाली ठेवला.

"भिंती किती म्हणाली?"

"गेल्या वर्षीपेक्षा कमी."

"आपल्या वर्षी जास्त होत्या," तो म्हणाला आणि पुन्हा कप उचलला.

आपलं वर्ष. काही घरांत 'लग्नाचं वर्ष' म्हणतात, काही घरांत 'बदलीचं वर्ष'. आमच्या घरात आपलं वर्ष म्हटलं की दोन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल. खरं तर एक रविवारच. तरी मला तो एक पूर्ण ऋतू वाटतो, कारण त्याची थंडी ऑक्टोबरात सुरू झाली होती आणि त्याचं ऊन अजून संपलेलं नाही.

सुहास मूळचा वाईचा. कॉलेजात असताना सकाळी उठून वडिलांच्या काळ्या, जड सायकलवर पसरणीचा घाट चढायचा आणि पाचगणीत चहा पिऊन परत यायचा. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं, "आवड काय?" तर हा म्हणाला, "घाट." डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या उत्तराचं काय करायचं ते कोणालाच कळेना. नोकरीसाठी जपानला आलो, तोयोसुच्या ऑफिसात तो रुळला, आणि पहिल्या बोनसमधून त्याने जी निळी सायकल घेतली तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम केलं असं मी चारचौघांत सांगायचे. मला स्वतःला सायकल येत नव्हती. इकडे आल्यावर आमच्या मुलीला, इराला, पाळणाघरात सोडायचं म्हणून छत्तिसाव्या वर्षी शिकले, तीही ममाचारी. ममाचारी म्हणजे पुढे टोपली, मागे मुलाची खुर्ची अशी इथल्या आयांची सायकल. भाजी, मूल आणि आई एकाच वेळी घरी आणणारं ते वाहन.

डोळ्यांचा आजार हळूहळू आला. आधी संध्याकाळी दिसेना. मग कडेचं दिसेना. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, मग ती नळीही बारीक होत गेली. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की हे थांबत नाही. एका दुपारी आराकावा नदीच्या बांधावर एक आजोबा त्याच्या सायकलच्या चाकाशी आले. लागलं काही नाही, नुसता धक्का. आजोबाच उलट "सुमिमासेन", माफ करा, म्हणाले. सुहास घरी आला तो सायकल हातात धरून, चालत.

इथे मोठ्या कचऱ्याची एक रीत आहे. वॉर्डात फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून स्टिकर आणायचं, ते वस्तूवर चिकटवून ठरलेल्या सकाळी खाली ठेवायचं. निळ्या सायकलवरचं स्टिकर त्याने स्वतः लावलं. मग मला विचारलं, "सरळ लागलंय ना?"

सरळ लागलं होतं. मी हो म्हणाले, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतरची चार वर्षं ऑफिस आणि घर. कॉम्प्युटर त्याला सगळं वाचून दाखवायचा, काम उत्तम चाललं होतं. पण रस्ता त्याला नकोसा झाला. पांढरी काठी घेऊन तोझाई लाइनने तोयोसुच्या वाटेला लागायचा आणि आल्यावर अंगरखा काढावा तसा दिवस काढून टाकायचा. त्याला सगळ्यात भीती वाटायची ती नव्या गाड्यांची, आवाज न करणाऱ्या. "आधी गाडी ऐकू यायची गं," म्हणायचा. "आता एकदम वाराच लागतो." मग एका सप्टेंबरात त्याने ठरवून टाकलं. मार्चअखेर राजीनामा, इराचं शाळेचं वर्ष संपलं की वाई. "तिथे काय करणार?" "ओट्यावर बसेन." तो हे चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो शांतपणे म्हणाला.

ओकुमुरा-सान आमच्या आयुष्यात आल्या त्या याच दिवसांत. मी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करते. त्या त्याच शाळेतल्या निवृत्त कवायत-शिक्षिका, वय सहासष्ट, पाठ पट्टीसारखी सरळ. रविवारी त्या आणि त्यांचे काही मित्र नदीकाठी अंध माणसांना टँडेमवर फिरवायचे. टँडेम म्हणजे दोघांची सायकल, एकामागे एक दोन सीटा, पेडलं एकाच साखळीने जोडलेली. टोकियोत ती रस्त्यावर आणायची परवानगी तेव्हा नुकतीच मिळाली होती. कोणीतरी त्यांना आमच्याबद्दल सांगितलं असावं. त्या भांडी विसळायच्या जागी आल्या, वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या यजमानांचं वजन किती?"

मी सांगितलं.

"तुमचं?"

तेही सांगितलं. त्यांनी मनात बेरीज केली आणि म्हणाल्या, "चालेल. पण पुढे तुम्ही बसायचं. मी नाही. नवऱ्याला नवख्या माणसामागे बसायला शिकायचं असेल तर तो नवखा माणूस घरचाच बरा."

सुहास येईना. मी म्हटलं, नको येऊस, मी एकटीच जाते, पाठीमागच्या सीटवर वाळूचं पोतं बांधून शिकते. हे बोलताना मला हसू आलं नव्हतं. त्यालाही नाही. पण तो आला.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आठवतात तेव्हा आधी गवताचा वास येतो. नदीकाठी नुकतंच कापलेलं गवत, त्यावर दव, पलीकडे बेसबॉलच्या मैदानावरून येणारा पोरांचा ओरडा. आणि ओकुमुरा-सानची शिट्टी. त्यांचा एकच नियम होता. पुढे बसलेल्याने तोंड बंद करायचं नाही. "पुढच्याचं तोंड मिटलं की मागच्याचे डोळे मिटले," असं त्या म्हणायच्या. खड्डा, वळण, थांबणं, चढ, समोरचं कुत्रं, सगळं बोलायचं. आधी बोलायचं आणि मग करायचं.

मी आधी करायचे. मग बोलायचे. कधीकधी बोलायचेच नाही, कारण त्या लांबलचक लोखंडी जनावराला सरळ ठेवण्यातच माझा सगळा जीव जात होता. तिसऱ्या रविवारी एक मूल चेंडूमागे धावत आलं, मी न सांगता ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं आडवे झालो. मुलाला काही झालं नाही. सुहासचा गुडघा फुटला.

"सांगायचं ना!"

"वेळ नव्हता!"

"तुला दिसतं ना? ज्याला दिसतं त्याला वेळ असतो!"

मी रडकुंडीला आले. तो खडीवर बसून गुडघा चाचपत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "पुण्यात स्कूटरवर मागे बसायचीस तेव्हा कशी बोलायचीस? हळू, बस येतेय, हळू, ती बाई बघ, हळू. पौड रोडपासून डेक्कनपर्यंत तोंडाला खळ नव्हता."

"तेव्हा मी मागे होते."

"मग समज अजून मागेच आहेस. फक्त हँडल तुझ्याकडे आलंय."

मी हसले. रडता रडता हसणं फार वाईट दिसतं, आणि त्याला ते दिसत नव्हतं, पण ऐकू आलं असणार. त्या दिवसापासून मी बडबडायला लागले. आमचे आमचे शब्द ठरले. जोर लावायचा तर 'दाब'. पाय नुसते फिरू द्यायचे तर 'सोड'. ओकुमुरा-साननी ते ऐकून ऐकून उचलले, आणि बांधावरून जाणाऱ्या टोकियोकरांना एक सहासष्ट वर्षांची बाई "दाबु! दाबु!" म्हणून ओरडताना दिसू लागली.

फेब्रुवारीत त्यांनी एक पत्रक आणलं. त्या डोंगररस्त्याचं. बर्फ कापून झाला की रस्ता गाड्यांना खुला होण्याआधी एक रविवार फक्त सायकलींना देतात. खाली गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथून ज्वालामुखीच्या कुशीतून वर खिंडीपर्यंत. सगळा चढ.

मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आपलं काम नाही." मग बऱ्याच वेळाने, भाजी निवडता निवडता, "एकही गाडी नाही?"

"एकही नाही. वरून, खालून, कुठूनच."

"म्हणजे जे ऐकू येईल ते सगळं खरं."

मला तेव्हा ते वाक्य नीट कळलं नव्हतं.

आयोजकांना फोन केला तर पलीकडचा गृहस्थ अत्यंत नम्रपणे अडला. टँडेम? दृष्टिहीन स्वार? "झेनरेइ नाही," म्हणाला. झेनरेइ म्हणजे आधी कधी घडल्याचा दाखला. या देशात दाखला नसेल तर दार कोणी आपटत नाही, फक्त उघडत नाही. ओकुमुरा-साननी माझ्या हातातून फोन घेतला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "यंदा आम्हाला येऊ द्या, म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्याकडे दाखला असेल."  आठवड्याने होकार आला. अट सगळ्यांना होती तीच. खिंडीच्या अलीकडच्या एका वळणावर साडेअकराला दोर बांधणार. त्याआधी पोचलात तर वर, नाही तर बसमध्ये बसून खाली.

इरा तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने पत्रक पाहिलं, चढाचा आलेख पाहिला, बाबाकडे पाहिलं आणि जपानीत निकाल दिला. "मुरी." जमणार नाही.

"मुरी तर मुरी," सुहास म्हणाला. "साडेअकरापर्यंत मुरी."

राजीनाम्याची तारीख त्याने साहेबांकडून महिनाभर पुढे ढकलून घेतली होती. कारण विचारलं तेव्हा त्याने ऑफिसात खरं कारण सांगितलं, आणि साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणे.

त्या सकाळी गावात गटारांतूनसुद्धा वाफ निघत होती. हवेत उकडलेल्या अंड्याचा वास. थंडी एवढी की माझ्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. सगळीकडे काटकुळे, चकचकीत सायकलस्वार आणि करंगळीवर तोलता येतील अशा त्यांच्या सायकली. आमची टँडेम त्यांच्यामध्ये बैलगाडीसारखी उभी होती. आम्हाला सगळ्यात शेवटी सोडायचं ठरलं होतं. ओकुमुरा-साननी आमच्या चाकांची हवा दोनदा बघितली, सुहासच्या हेल्मेटची पट्टी आवळली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, घोड्याला मारावी तशी. इरा फोन धरून उभी होती. चेहऱ्यावर चौदा ते सतरा वयाची सगळी लाज.

पहिला अर्धा तास मला फक्त माझा श्वास आठवतो. मग हळूहळू कान उघडले. रस्त्यावर टायरचा चिकट, बारीक आवाज. खाली कुठेतरी वितळलेल्या बर्फाचं पाणी. पांढऱ्या सालीची पानं नसलेली झाडं दोन्हीकडे, आणि मध्येच एखादा पक्षी. पाठीमागून सुहास म्हणाला, "झाडं संपली ना?"

खरंच संपली होती. "तुला कसं कळलं?"

"वाऱ्याला अडायला काही उरलं नाही."

झाडांच्या पलीकडे डोंगराचं खरं अंग उघडं पडलं. राखाडी, पिवळट, भाजल्यासारखं. उतारावर एकही गवताचं पातं नाही. दगडांच्या फटींतून वाफेच्या धारा निघत होत्या आणि त्यांच्या तोंडाशी गंधकाचा पिवळा थर साचला होता. रस्त्याच्या कडेला पाट्या होत्या. इथे विषारी वायू येतो, थांबू नये, उतरू नये. वारा चांगला होता म्हणूनच आम्हाला सोडलं होतं, तरी ठरावीक अंतरावर आयोजकांची माणसं हातात मोजणीची यंत्रं घेऊन उभी होती.

मी हे सगळं बडबडत होते. पिवळं, वाफ, पाटी, डावं वळण, दाब. आणि त्या बडबडीत चुकीच्या वेळी गिअर बदलला. खडखड झालं आणि पेडलं एकदम पोकळ फिरली. साखळी पडली.

थांबू नये अशा जागी आम्ही थांबलो होतो.

मास्क गळ्यात अडकवलेला एक माणूस पळत आला. "इथे नको! पुढे, पुढे!" मी उतरले, हँडल धरलं. सुहासने मागची सीट चाचपून धरली आणि ढकलायला लागला. चढावर ती सायकल ढकलणं म्हणजे कपाट जिन्याने वर नेण्यासारखं. माझ्या बुटांचे तळ डांबरावर घसरत होते, घशात गंधक, डोळ्यांत पाणी. "किती?" तो विचारायचा. "त्या पाटीपर्यंत." "पाटी किती?" "तुझी शंभर पावलं." तो मोजायला लागला. मोठ्याने, मराठीत, धापा टाकत. शंभर झाली. पाटी आली नव्हती. त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

शेवटची पाटी ओलांडली तिथे मी सायकल बर्फाच्या ढिगाला टेकवली आणि हातमोजे काढून साखळीला भिडले. थंडीने बोटं लाकडासारखी झाली होती. साखळी कुठे अडकलीय ते मला दिसत होतं आणि निघत नव्हती. दोन मिनिटं, तीन मिनिटं. घड्याळात अकरा वाजत आले होते. मी म्हणाले, "झालं, संपलं. बसच येऊ दे."

"सरक," सुहास म्हणाला.

तो गुडघ्यावर बसला. हात मागच्या चाकावरून खाली नेले, साखळी बोटांनी वाचत वाचत अडकलेल्या कडीपर्यंत गेला, अंगठ्याने काहीतरी ढकललं, दुसऱ्या हाताने पेडल अर्धं उलटं फिरवलं. कट् असा आवाज आला. मला माझ्या आयुष्यात तेवढा गोड आवाज दुसरा आठवत नाही.

"बाबांच्या सायकलची साखळी घाटात दिवसाला तीनदा पडायची," तो म्हणाला. "आणि पहाटे कोणाला दिसत होतं?" काळे हात त्याने बर्फावर पुसले, उठला आणि सीट शोधून बसला. "चल. किती वेळ आहे?"

"अर्धा तास. थोडा कमी."

"मग बोलू नकोस."

"बोलायचं नाही? ओकुमुरा-सान..."

"वळणं तेवढी सांग. बाकी श्वास ठेव."

मग भिंती सुरू झाल्या. आधी कमरेएवढ्या, मग डोक्याएवढ्या, मग आकाशाची फक्त एक निळी पट्टी उरली. यंत्राने कापलेला बर्फ, त्यात थरांवर थर. एका थरात बारीक करडी रेघ होती, वाऱ्याने उडून आलेली धूळ किंवा डोंगराची राख. आत शिरताच वारा थांबला आणि आमचे आवाज आमच्याकडेच परत यायला लागले. चारी पायांची पेडलं, साखळी, दोघांचा श्वास. रिकाम्या देवळात पाऊल वाजावं तसं सगळं वाजत होतं.

"केवढी उंच आहे?" त्याने विचारलं. बोलू नको म्हणणारा तोच.

"दोन माणसं. एकावर एक."

"दोन तू की दोन मी?"

"दोन तू."

"बाप रे," तो म्हणाला, आणि मला पेडलांतून त्याचं हसू लागलं. खरंच लागलं. टँडेमवर माणूस हसला की साखळी हलते.

आणि मग माझं संपलं. मांड्यांत गोळे आले, छातीत हवा पुरेना, डोळ्यांसमोर बारीक ठिपके. त्या उंचीवर मी कधी भाजीची पिशवीसुद्धा उचलली नव्हती. "सुहास, मला नाही जमत आता."  पण माझा पाय खाली जायच्या आधी पेडल खाली जायला लागलं. मी दाबत नव्हते आणि सायकल चढत होती. चार वर्षं ऑफिसची खुर्ची आणि घरचा सोफा यांच्यामध्ये अडकलेले ते पाय माझ्यासकट, त्या बैलगाडीसकट, ज्वालामुखी चढत होते.

"पुढच्या वळणाला चढ मोडतो," तो म्हणाला.

वळण आलं. चढ मोडला नाही.

"नाही मोडला!"

"मग पुढच्या."

"तुला काय माहीत?"

"मला काय माहीत! खोटं बोलतोय. दाब!"

मी दाबलं. खोटं तर खोटं. असं आणखी किती वळणं खोटं बोललो कुणास ठाऊक. शेवटी एका वळणापलीकडे भिंतीच्या फटीत पिवळी जाकिटं दिसली. एक उंच गृहस्थ हातात दोराचं टोक धरून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. त्याने मान वर केली, आम्हाला पाहिलं. वर पोचलेले काही सायकलस्वार कठड्याशी उभे होते, त्यांनी ओरडायला सुरुवात केली. "गान्बारे! गान्बारे!" जोर लावा. तो दोरवाला गृहस्थ आधी सरळ उभा होता. मग त्यालाही राहवलं नाही. दोर काखेत मारून तो आमच्या बाजूने पळायला लागला, चांगला पन्नाशीचा माणूस, बर्फाच्या बुटांत धपधप करत.

आम्ही त्याला ओलांडलं तेव्हा साडेअकराला चार मिनिटं होती. आमच्या पाठीमागे कोणी नव्हतं. त्याने दोर बांधला आणि बांधून झाल्यावर आमच्या दिशेने कमरेतून वाकून नमस्कार केला. हे मी सुहासला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हाच का नाही सांगितलंस? मीही केला असता."

खिंडीत पोचून आम्ही सायकलवरून उतरलो नाही, गळून पडलो. मग त्याने बर्फाच्या भिंतीला दोन्ही तळवे लावले आणि भिंतीच्या कडेकडेने चालत गेला, घराला रंग देणारा माणूस भिंत तपासतो तसा. एका जागी बर्फ संपून डोंगराचा दगड उघडा होता. त्यावर त्याचे हात थांबले.

"सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. पांढरं सगळं, त्यावर निळं. खाली करडा उतार, त्यातून सरळ वर जाणारी वाफ. लांब लांब डोंगरांच्या रांगा, एकामागे एक, शेवटच्या रांगेला आकाशाचाच रंग. आणि रस्ता. आपण आलो तो रस्ता, ओल्या काळ्या फितीसारखा, आणि त्यावर काही म्हणजे काहीही नाही.

तो दगडावर हात फिरवत होता. "आपला सह्याद्रीपण असाच आहे गं. लाव्हाच. पसरणीच्या घाटात हात लावला तर हाच दगड. फक्त तो म्हातारा झालाय, निवलाय. याचं रक्त अजून गरम आहे." मग म्हणाला, "मला वाटायचं, मी निवलो."

मी त्याच्या जाकिटाची चेन वर ओढली. दुसरं काय करणार?

त्या महिन्याअखेरीस राजीनामा दिला गेला नाही. सायकलीमुळे नाही, असं तो अजूनही ठासून सांगतो. घरभाड्याचा करार होता, इराची शाळा होती, साहेब चांगले होते. असेलही. आमचं वाईचं घर आहे तिथेच आहे, दिवाळीत जातो, ओट्यावर बसतो आणि परत येतो. तो हल्ली दुसऱ्या अंध स्वारांना मागच्या सीटवर कसं बसायचं ते शिकवतो, फुनाबोरीहून एक तरुण मुलगी येते तिला तर घरून फोनवर ओरडून बोलावतो. गेल्या वर्षी त्या डोंगरावर तीन टँडेम होत्या. दाखला तयार झाला होता ना.

पण आपलं वर्ष म्हटलं की मला यातलं काही आठवत नाही. मला उतरणं आठवतं.

उतरताना आम्हाला पुन्हा सगळ्यांच्या शेवटी सोडलं. पुढची टोळी भिंतींमध्ये दिसेनाशी झाली आणि रस्ता आमच्या एकट्यांचा झाला. दोघांचं वजन, लोखंडाचं वजन आणि अख्खा डोंगर खाली ओढतोय. मी दोन्ही ब्रेक आवळून धरले होते. बोटं बधिर, खांदे कानांपर्यंत चढलेले, रबर जळल्याचा वास. भिंती संपल्या, झाडं नसलेला तो लांबलचक उतार समोर आला, सरळ, कोरडा, वळणाशिवाय. मी सांगितलं, "सरळ आहे. लांबपर्यंत सरळ."

"कोणी आहे?"

"कोणी नाही."

"मग सोड."

मी एक बोट उघडलं. मग दुसरं. सायकल सुटली. हवा एकदम जाड झाली, कानांत गर्जना, डोळ्यांतलं पाणी कानांकडे पळायला लागलं. मागचं वजन अचानक बदललं.

"सुहास! हात कुठायत तुझे?"

"वर!"

मला मागे बघता येईना. पण रस्त्यावर आमची सावली आमच्या बाजूने धावत होती, एक वाकलेली बाई आणि तिच्यामागे दोन्ही हात पसरून ताठ बसलेला एक माणूस. चार वर्षं तोझाई लाइनच्या जिन्यांवर, फाटकांवर, फलाटांवर दहा पावलांत दहा वेळा सुमिमासेन म्हणत, भिंतीला अंग चोरत चालणारा माणूस. तो आता घसा फुटेस्तोवर ओरडत होता, त्या उघड्या डोंगराला, वाफेला, बर्फाला, गाड्यांच्या दोन्ही रिकाम्या मार्गिकांना. आणि ओरडत होता ते मराठीत.

"बाजूला व्हा! अरे, बाजूला व्हा!"

समोर कोणीसुद्धा नव्हतं.